हडपसरच्या मळ्यातला दवाखाना

सावित्रीबाई फुले यांना आपण शिक्षिका म्हणून ओळखतो. त्यांच्या आयुष्याचा शेवट मात्र शाळेत झाला नाही. तो झाला हडपसरच्या ससाणे मळ्यात, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना. १० मार्च हा त्यांचा स्मृतिदिन. त्यानिमित्ताने त्यांच्या आयुष्याकडे आरोग्याच्या अंगाने पाहू.

सकाळी सातच्या सुमारास हडपसरच्या उड्डाणपुलाखाली उभे राहिलात, तर बसची वाट पाहणाऱ्या गर्दीत नर्सिंगच्या गणवेशातल्या मुली हमखास दिसतात. कुणाची रात्रपाळी संपलेली असते, कुणाची सकाळची पाळी सुरू व्हायची असते. खासगी रुग्णालये, प्रयोगशाळा, औषधांची दुकाने यांनी हा परिसर आता भरून गेला आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हडपसर म्हणजे पुण्याबाहेरचे, सोलापूर रस्त्यावरचे एक शेतकरी गाव होते. कालव्याचे पाणी, भाजीपाल्याचे मळे आणि आषाढीला गावातून जाणाऱ्या पालख्या, ही त्याची ओळख. याच गावाच्या शिवारात १८९७ साली प्लेगच्या रुग्णांसाठी एक दवाखाना सुरू झाला. तिथे डॉक्टर होता मुलगा आणि शुश्रूषा करत होती त्याची सहासष्ट वर्षांची आई.

त्या आईने परिचारिकेचे शिक्षण घेतले नव्हते. तरीही तिच्या सगळ्या कामात एक गोष्ट सतत दिसते. आजारी, अडलेला, उपाशी माणूस मदतीपर्यंत पोहोचत नसेल, तर मदतीने त्याच्यापर्यंत जायचे. आजचे सार्वजनिक आरोग्यशास्त्र ज्या प्रश्नाशी झगडते आहे, तो हाच प्रश्न आहे.

आधी शिकणे, मग शिकवणे

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावला झाला. हे गाव आज सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात येते. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली, नवव्या वर्षी, पुण्याच्या तेरा वर्षांच्या जोतीराव फुल्यांशी त्यांचे लग्न झाले. सासरी त्यांना अक्षरओळख झाली. जोतीरावांना लहानपणी सांभाळणाऱ्या, नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर याही त्यांच्याबरोबर शिकल्या. सगुणाबाई एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करत. दुसऱ्याचे मूल आपले म्हणून वाढवायचे, हा धडा या घरात सगुणाबाईंनी कृतीतून घालून दिला होता.

घरच्या अभ्यासावर सावित्रीबाई थांबल्या नाहीत. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. म्हणजे त्या नुसत्या उत्साहाने वर्गात उभ्या राहिल्या नाहीत, काम शिकून उभ्या राहिल्या. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेत जाता-येता त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण टाकले जाई, म्हणून त्या जास्तीचे लुगडे बरोबर नेत, ही आठवण सर्वांना माहीत आहे. १८४९ साली पती-पत्नीला घर सोडावे लागले. तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमा शेख शाळेच्या कामात बरोबर आल्या. पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलामुलींसाठीही फुले दांपत्याने शाळा काढल्या.

त्या शाळांतल्या एका मुलीने आरोग्याच्या संदर्भात जे लिहिले, ते आजही वाचण्यासारखे आहे. मुक्ता साळवे ही मांग समाजातली विद्यार्थिनी. १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. त्यात धर्म आहे, अन्याय आहे आणि बाळंतपणही आहे. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर धड छप्पर नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे हाल होतात, त्यात आजार झाला तर वैद्य आणि औषध यांना पैसा कुठून आणायचा, असा तिचा सवाल होता. फुकट औषध देणारा माणुसकीचा वैद्य कुणी आहे का, असेही तिने विचारले. निवारा, गरिबी आणि भेदभाव यांचा आरोग्याशी संबंध असतो, हे आज वैद्यकीय महाविद्यालयांत स्वतंत्र विषय म्हणून शिकवतात. फुल्यांच्या शाळेतल्या मुलीने ते स्वतःच्या वस्तीत पाहून मांडले होते.

पस्तीस बाळंतपणे

याच सुमारास पाश्चात्त्य जगात परिचर्येचे नवे शास्त्र उभे राहत होते. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची व्यवस्था लावणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू केली. मोकळी हवा, उजेड, स्वच्छ पाणी, योग्य अन्न आणि रुग्णावर बारकाईने लक्ष, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा. पुण्यातल्या सामान्य बाईसाठी हे जग फार दूर होते. तिचे बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून व्हायचे. आणि ती विधवा असेल तर तेवढेही नशिबात नसायचे.

त्या काळी बालविवाहामुळे दहा-बारा वर्षांच्या मुली विधवा होत. ब्राह्मण समाजात पुनर्विवाहाला बंदी होती. अशा मुलीवर घरातल्याच कुणी जबरदस्ती केली आणि दिवस गेले, तर बदनामी तिची. मग चोरून गर्भ पाडणे, नाहीतर जन्मलेले मूल मारून टाकणे, किंवा स्वतः विहीर जवळ करणे, एवढेच मार्ग उरत. जोतीरावांचे स्नेही गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई नावाच्या तरुण विधवेने असेच आपले मूल मारले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शिक्षा बाईला झाली आणि तिला फसवणारा मोकळा राहिला, ही गोष्ट फुले दांपत्याच्या जिव्हारी लागली.

१८६३ साली त्यांनी राहत्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. शहरात जागोजागी पत्रके लावली. विधवांनी इथे गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे किंवा इथेच ठेवून जावे, असा त्यांचा आशय होता. पत्रके लावणे सोपे होते. अवघड काम घरात होते. वेळी-अवेळी दार ठोठावणाऱ्या, घाबरलेल्या बाईला आत घेणे, तिचे बाळंतपण पार पाडणे, बाळाला सांभाळणे आणि तिचे नाव कुठेही फुटू न देणे. हा भार सावित्रीबाईंवर होता.

या कामाचा हिशेब जोतीरावांनी १८८४ साली सरकारला पाठवलेल्या एका टिपणात दिला आहे आणि तो अस्वस्थ करणारा आहे. तोवर पस्तीस विधवा या घरी येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांची पाच मुले जगली होती, तीस दगावली होती. गरोदरपण लपवण्यासाठी या बायकांनी आधीच जहाल औषधे घेतलेली असत आणि त्यांनी पोटातल्या गर्भाला इजा झालेली असे, असे कारण त्यांनी नोंदवले.

हे आकडे पाहून कुणाला वाटेल, की मग या घराचा उपयोग तो काय झाला? पण पस्तीस बायकांना बाळंत व्हायला सुरक्षित जागा मिळाली, त्यांना ना विहीर जवळ करावी लागली, ना तुरुंगात जावे लागले. आणि या आकड्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. घर उघडे होते, पण बाई तिथे पोहोचेपर्यंत उशीर झालेला असायचा. तो उशीर अंतराचा नव्हता, तो लाजेचा आणि भीतीचा होता. आपले अपयश न लपवता, कारणासह आकड्यांत मांडणे ही वैद्यकीय संशोधनाची पहिली पायरी असते. गंज पेठेतल्या त्या घराने ती नकळत चढली होती.

स्वतःचे मूल नसलेल्या फुले दांपत्याने १८७४ साली अशाच एका विधवेच्या मुलाला दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. ज्या मुलाने जन्मू नये अशी समाजाची इच्छा होती, तो पुढे डॉक्टर झाला.

पाणी, भाकरी आणि पक्षाघात

आरोग्य म्हणजे औषध, असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात माणसाचे आयुष्य वाढवण्यात स्वच्छ पाणी आणि पोटभर अन्न यांचा वाटा फार मोठा आहे. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव होता, म्हणून १८६८ साली फुल्यांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. सामाजिक समतेचे पाऊल म्हणून त्याची नोंद होते, आणि ते योग्यच आहे. पण ज्या काळी पटकीच्या साथी वारंवार येत, त्या काळी पिण्याचे पाणी मिळणे ही जगण्या-मरण्याची गोष्ट होती.

१८७६-७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई जुन्नर भागात फिरत होत्या. एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून त्यांनी जोतीरावांना पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. गावे ओस पडली होती, जनावरे मरत होती आणि भुकेने व्याकूळ झालेली माणसे खाऊ नये ते खात होती. दुष्काळात माणूस केवळ उपासमारीने मरत नाही. अशक्त शरीराला हगवण, पटकी, हिवताप गाठतात आणि मृत्यू बहुधा त्यांच्यामुळे होतो. म्हणून वेळेवर मिळालेले शिजलेले अन्न हाच तिथे पहिला औषधोपचार असतो. सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी अन्नछत्रे चालवली, धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उभा राहिला आणि तिथे दुष्काळग्रस्त मुलांच्या जेवणाची सोय झाली.

जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू निकामी झाली. पुण्यातले नामवंत शल्यचिकित्सक डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. त्या वेळी पक्षाघातावर हमखास औषध नव्हते. रुग्णाला कुशीवर वळवणे, पाठीला जखमा होऊ न देणे, सावकाश भरवणे, धरून उठवणे-बसवणे, हेच उपचार. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना या कामाचे कष्ट सांगायला नकोत. हे काम दोन-चार दिवसांचे नव्हते, दोन वर्षांहून अधिक काळाचे होते. घरात पैशाचीही ओढाताण होती. या काळात जोतीराव डाव्या हाताने लिहायला शिकले आणि त्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक पूर्ण केले. आजच्या भाषेत याला पुनर्वसन म्हणतात. ते रुग्णाच्या जिद्दीवर जितके अवलंबून असते, तितकेच घरातल्या शुश्रूषेवर.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले आणि चितेला अग्नी दिला. पुढे सत्यशोधक समाजाच्या कामाची धुराही त्यांनी वाहिली. १८९३ साली सासवडला झालेल्या समाजाच्या परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

हडपसरशी नाते

हडपसर त्यांना परके नव्हते. शेजारच्या मांजरीला जोतीरावांची शेती होती. हडपसरचे ग्यानोबा कृष्णाजी ससाणे हे सत्यशोधक चळवळीतले सहकारी. त्यांची मुलगी राधा हिचे लग्न ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने यशवंतशी झाले. विधवेच्या पोटी जन्मलेल्या मुलाला मुलगी देणे त्या काळी सोपे नव्हते. ससाण्यांनी ते केले. राधा, जिला लग्नानंतर लक्ष्मी म्हणत, १८९५ साली तरुण वयातच वारली. नाते मात्र टिकले. दोन वर्षांनी मुलाच्या दवाखान्यासाठी जागा हवी होती, तेव्हा सावित्रीबाईंची पावले याच मळ्याकडे वळली.

गाठीचा रोग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही महिन्यांतच साथ पुण्यात पोहोचली. अचानक सणकून ताप, थंडी, डोकेदुखी, आणि एक-दोन दिवसांत जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ. म्हणूनच लोक त्याला गाठीचा रोग म्हणत. रुग्ण भ्रमात बडबडू लागे. उपचार न मिळालेल्या गाठीच्या प्लेगमध्ये शंभरातले तीस ते साठ रुग्ण दगावतात. रोग फुप्फुसात उतरला तर उपचारांवाचून वाचणे जवळपास अशक्यच.

त्या वेळी विज्ञान अर्ध्या वाटेवर होते. अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जिवाणू शोधला होता. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण रोग माणसापर्यंत येतो कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हते. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा तो पसरवतात, हे पॉल-लुई सिमोंद यांनी कराचीत दाखवले, ते १८९८ साली. तोपर्यंत हवा, घाण, स्पर्श, धान्य अशा प्रत्येक गोष्टीवर संशय होता आणि रुग्णाजवळ जाणारा प्रत्येक जण आपला जीव पणाला लावूनच जात होता.

लोकांना एक गोष्ट मात्र अनुभवाने कळली होती. घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडायचे आणि गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहायचे. शास्त्रीयदृष्ट्या हे बरोबर होते. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा दुसरे रक्त शोधतात आणि माणसाला चावतात. दाट वस्ती सोडून मोकळ्यावर गेलेला माणूस त्यांच्या तावडीतून सुटतो.

यशवंत तेव्हा लष्करात डॉक्टर म्हणून नोकरीत होता. आईच्या सांगण्यावरून तो रजा घेऊन आला आणि हडपसरच्या ससाणे मळ्यात दवाखाना सुरू झाला. शहराच्या गर्दीबाहेर, मोकळ्या शिवारात. तिथे ना आजच्यासारखी प्रतिजैविके होती, ना सलाइन. तापात ओल्या कापडाने अंग पुसणे, पाणी आणि दूध पाजत राहणे, गाठीला शेक देणे, पिकलेली गाठ फोडून जखम स्वच्छ ठेवणे आणि भ्रमात उठून पळणाऱ्या रुग्णाला सांभाळणे, एवढेच त्या काळच्या प्लेगच्या रुग्णासाठी करता येई. म्हणजे बहुतांश उपचार हा शुश्रूषेचाच होता. औषध नसते तेव्हा शरीराला रोगाशी लढायला वेळ मिळवून देणे हे परिचर्येचे काम असते. करोनाच्या पहिल्या महिन्यांत आपण हेच पाहिले.

मुंढव्याची वाट

धोका किती मोठा आहे, हे सावित्रीबाईंना कळत नव्हते असे नाही. गिरणी कामगारांचे नेते आणि सत्यशोधक चळवळीतले जुने सहकारी नारायण मेघाजी लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगनेच गेले होते. तेही रुग्णांसाठी धावपळ करत होते.

अशातच मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे सावित्रीबाईंना कळले. मुंढवा हडपसरला लागूनच आहे. अंतर तसे थोडे, पण त्या मुलाला दवाखान्यापर्यंत आणणार कोण? प्लेगमुळे त्याच्याजवळ जायला लोक घाबरत होते आणि जातीमुळे तर प्लेगच्या आधीपासूनच त्याला कुणी शिवत नव्हते. सावित्रीबाई मुंढव्याला गेल्या, मुलाला पाठीवर घेतले आणि हडपसरच्या दवाखान्यात आणले. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते.

पांडुरंग वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेगने गाठले. पिसू चावल्यापासून साधारण आठवडाभरात या रोगाची लक्षणे दिसतात. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढच्याच काही दिवसांत पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती सुरू झाली. संशयितांना घरातून बाहेर काढून छावण्यांत नेले जाऊ लागले. लोक रोगाइतकेच रुग्णालयाला भिऊ लागले आणि रुग्णांना लपवू लागले. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. हा इतिहास आपण शाळेत शिकतो. रुग्णाला विलग करणे वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे होते, यात शंका नाही. पण हडपसरच्या दवाखान्यात रुग्ण पाठीवर बसून आला होता आणि शहरातल्या छावणीत तो बंदुकीच्या धाकाने नेला जात होता. ज्या यंत्रणेवर विश्वास नाही, तिच्याकडे माणूस आपले आजारी मूल घेऊन जात नाही. साथीच्या व्यवस्थापनातला हा धडा पुण्याने फार मोठी किंमत देऊन शिकला.

तीन उशीर

माता आणि बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास करणारे तज्ज्ञ ‘तीन उशीर’ मोजतात. पहिला उशीर मदत घ्यायची हे ठरवण्यातला. त्यामागे लाज, भीती, अज्ञान किंवा पैशाची चणचण असते. दुसरा दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातला. तिसरा दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. ही मांडणी १९९४ सालची. सावित्रीबाईंच्या कामावर ती ताडून पाहिली, तर गंज पेठेतले घर पहिल्या उशिराशी झुंजत होते, मुंढव्याची वाट हा दुसऱ्या उशिरावरचा उपाय होता आणि जात न विचारता रुग्ण आत घेणारा ससाणे मळ्यातला दवाखाना तिसऱ्यावरचा.

आज प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन अशी परिणामकारक औषधे आहेत. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि पाठोपाठ सुरतमध्ये प्लेगने डोके वर काढले, तेव्हा शतकापूर्वीसारखा संहार झाला नाही. १८९६ नंतरच्या तीन-चार दशकांत प्लेगने भारतात एक कोटीहून अधिक माणसे मारली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या औषधांचे मोल कळते. शुश्रूषा करणाऱ्यांच्या संरक्षणाचे शास्त्रही आता पक्के झाले आहे. रुग्णाच्या कपड्यांतल्या पिसवा आधी मारायच्या, हातमोजे आणि मास्क वापरायचे, फुप्फुसाच्या प्लेगच्या रुग्णाजवळ गेलेल्यांना रोग व्हायच्या आधीच प्रतिजैविक सुरू करायचे. यातले काहीही सावित्रीबाईंजवळ नव्हते.

म्हणूनच त्यांच्या मृत्यूला नुसते हौतात्म्य म्हणून नमस्कार करून चालणार नाही. सेवा करणाऱ्याने जीव द्यावा, ही अपेक्षा चुकीची आहे. करोनाकाळात आपण परिचारिकांसाठी थाळ्या वाजवल्या, पण अनेक ठिकाणी त्यांना मास्क पुरले नाहीत आणि काहींना तर घरमालकांनी दारातही उभे केले नाही. परिचारिकेला देवी म्हणणे सोपे असते. तिला हातमोजे, लस, पुरेशी झोप, एका पाळीत झेपतील एवढेच रुग्ण आणि वेळेवर पगार देणे, हा खरा सन्मान.

पुण्यात परिचर्येचे रीतसर शिक्षण सामान्य घरातल्या स्त्रियांपर्यंत पोहोचवण्याचे काम पुढे सुरू झाले. १९०९ साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी मुलींना, विशेषतः विधवांना, या व्यवसायाकडे वळवले. आज हडपसर परिसरातच मुली नर्सिंगचे शिक्षण घेतात आणि त्यांतल्या कित्येक जणी आपल्या घरातल्या पहिल्या शिकलेल्या स्त्रिया असतात. भिडे वाड्यातली शाळा आणि ससाणे मळ्यातला दवाखाना यांच्यामधले अंतर काही किलोमीटरचे. या मुली रोज ते अंतर जोडत असतात. शाळेत शिकलेली मुलगी रुग्णाच्या उशाशी उभी राहते आणि तिथे तिला जात विचारता येत नाही, विचारायची नसते.

ससाणे मळ्याभोवती आता इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुंढव्याहून हडपसरला गाडीने यायला गर्दी नसेल तर दहा-पंधरा मिनिटे लागतात. १०८ क्रमांक फिरवला की रुग्णवाहिका येते. तरीही प्रत्येक वस्तीत असा एखादा रुग्ण असतोच, जो दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही. क्षयरोग लपवणारा, दारूच्या व्यसनामुळे घरच्यांनी टाकलेला, मनाच्या आजारामुळे खोलीत कोंडलेला, किंवा नुसताच म्हातारा आणि एकटा. तो पोहोचत नाही, कारण त्याला कुणी नेत नाही. आपल्या गल्लीत असा कोण आहे, हे आज एकदा पाहावे. आशाताईंना त्याचे नाव सांगावे, जमले तर त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जावे. १० मार्चला यापेक्षा वेगळे अभिवादन करायची गरज नाही.